रेषेबाहेरचे कोचसाब

देडतलाईत व्हॉलीबॉलमध्ये हवा भरायची असेल तर कोचसाबांकडे जावं लागतं. हवेचे ते पैसे घेत नाहीत. मात्र खेळ कसा खेळावा हे सांगितल्याशिवाय बॉल हातातून सोडत नाहीत. बॉल भरायला अर्धं मिनिट पुरतं, सोडवून घ्यायला वीस मिनिटं लागतात.

गाव बुरहानपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यात, बुरहानपूरहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मध्य प्रदेश इथे संपत आलेला असतो आणि पुढे मेळघाट सुरू व्हायचा असतो. त्यामुळे पाट्या हिंदीत, बाजारातली घासाघीस मराठीत नि निमाडीत, आणि डोंगराकडून आलेल्या माणसांचं आपसांतलं बोलणं कोरकूत. कोचसाबांना या साऱ्या भाषा येतात. पण मैदानावर ओरडायचं असलं की ते वऱ्हाडी वळणाची मराठीच वापरतात. हिंदीत ओरडलं की समोरच्याला भाषण वाटतं आणि मराठीत ओरडलं की काळजी वाटते, असं त्यांचं म्हणणं आहे.

रस्त्याला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान, दुकानामागे उघडी जागा, त्या जागेत दोन लोखंडी खांब आणि मधोमध पोट सुटलेली जाळी. दुकानापासून मैदानापर्यंत वीसेक पावलं. संध्याकाळी उन्हं कलली की कोचसाब ही वीस पावलं चालतात आणि पंक्चरवाल्याचे कोच होतात. अंगात चेन गळ्यापर्यंत ओढलेला ट्रॅकसूटचा कोट असतो, खाली ग्रीसचे डाग पडलेली दुकानाचीच पँट. गळ्यात शिट्टी. ही शिट्टी फाऊलसाठी वाजते, चहावाल्या पोराला हाक मारायला वाजते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचं मागचं चाक बसलेलं दिसलं तरी वाजते. पोरांना आवाजावरून कळतं, कोणती कशाची. ट्रकसाठी वाजवलेल्या शिट्टीला खेळ थांबत नाही.

असा माणूस तसा सगळीकडेच आहे. कोल्हापुरात तो तालमीच्या कट्ट्यावर बसून हौद्यातल्या पैलवानाला पेच सांगतो. शिवाजी पार्कात तो साइटस्क्रीनच्या बाजूला उभा राहून डोकं हलवतो. कोकणात कबड्डीच्या मैदानाला बांधलेल्या बांबूवर रेलून तो चढाई करणाऱ्याला कोपऱ्यातल्या गड्याची गुपितं पुरवतो. त्या सगळ्यांत आणि देडतलाईच्या कोचसाबांत फरक एवढाच, की बाकीच्यांना टाळता येतं. कोचसाबांकडे कॉम्प्रेसर आहे. जाळीची फाटलेली वीण ट्यूबच्या रबरी पट्टीनं तेच बांधतात, मैदानाच्या रेषांना चुना तेच आणतात. जाळी पुरुषांच्या खेळाला 2 मीटर 43 सेंटिमीटर उंच हवी म्हणून खूण केलेली काठीही त्यांच्याच दुकानात उभी असते. ज्याचा चुना, त्याची रेषा, आणि रेषेबाहेरची खुर्चीही त्याचीच.

कोचसाब स्वतः काय खेळले, हा प्रश्न गावात कुणी विचारत नाही. एकदा एका नवख्यानं विचारला होता. कोचसाबांनी शांतपणे त्याला रमाकांत आचरेकरांचं उदाहरण दिलं. सचिन तेंडुलकर घडवणाऱ्या आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना एकच आहे, 1963-64 सालचा, स्टेट बँकेच्या संघाकडून. ही माहिती खरी आहे आणि कोचसाबांना ती पाठ आहे.

"मी त्यायच्यापेक्षा एकच मॅच कमी खेळलो," ते म्हणाले.

नवख्याला पुढं काही सुचलं नाही. सुचलं असतं तर आचरेकरांच्या रुपयाची गोष्टही निघाली असती. सराव संपत आला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचं ते नाणं, आणि तो शेवटपर्यंत बाद झाला नाही तर नाणं त्याचं. अशी तेरा नाणी तेंडुलकरनं जपून ठेवली आहेत. यात सर बोलले किती? एक रुपया ठेवण्याइतकं. बाकीचं काम त्या नाण्यानं केलं आणि पोराच्या अंगानं केलं. शाबासकीच्या बाबतीत तर सर त्याहून कंजूष. 'छान खेळलास' असं त्यांनी कधी म्हटलं नाही, हे तेंडुलकरनं स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. कोचसाबांनी आचरेकरांपासून एक सामन्याची बाब तेवढी उचलली. रुपयाची बाब त्यांना परवडली असती, गप्प राहण्याची परवडली नसती.

त्यांचं शिकवणं कसं चालतं ते ऐकण्यासारखं आहे. टीममधला उंच पोरगा, ज्याला सगळे लंबू म्हणतात, तो स्मॅश मारायला धावत निघाला की कोचसाब खुर्चीतून अर्धे उठतात.

"लंबू, उडाच्या आंधी गुडघा वाकव! वाकवला त मंग उठव ना! खांदा कुठं ठेवला तुनं, घरी राह्यला का? कोपर! कोपर कानाजवळ आन! मनगट ढिलं सोड! आता कमर फिरव..."

कमरेची पाळी येईपर्यंत बॉल पलीकडच्या तुरीत जाऊन पडलेला असतो. उडी मारून खाली यायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्यात कोचसाबांनी शरीराच्या पाच भागांची हजेरी घेतलेली असते. मग पोरगा बॉल आणायला तुरीत शिरतो, तेव्हा उरलेल्या भागांची घेतात.

लंबू मात्र या सगळ्यातून सहीसलामत सुटतो, कारण त्याला तीन भाषा येतात. डोंगरावरच्या ढान्यातून, म्हणजे छोट्या वस्तीतून, आलेला कोरकू पोरगा. कोचसाब मराठीत सुरू झाले की त्याला फक्त कोरकू कळते, ते हिंदीत वळले की त्याला फक्त मराठी कळते. कोचसाबांनी चिडून तोडक्यामोडक्या कोरकूत सांगितलं तर तो त्यांची कोरकू दुरुस्त करून देतो, आणि मूळ मुद्दा तिथेच राहतो. टीममध्ये सर्वांत चांगला स्मॅश त्याचा आहे.

बाकीची पाच पोरं सगळं ऐकतात. त्यामुळे त्यांची एक वेगळीच पंचाईत झाली आहे. बॉल मारला की तो कुठं पडला हे ते पाहत नाहीत. आधी खुर्चीकडे पाहतात. खुर्चीनं मान हलवली तर शॉट चांगला, नाहीतर वाईट.

टीमचा लिफ्टर बाहेरगावी बीपीएड करतो. सुट्टीत घरी आला की त्याच्या पिशवीत पुस्तकं असतात, आणि त्या पुस्तकांत कोचसाबांसारख्यांचा हिशेब आधीच मांडून ठेवलेला असतो. 1990 मध्ये कॅरोली विनस्टीन आणि रिचर्ड श्मिट या अमेरिकी संशोधकांनी माणसांना हाताची एक हालचाल शिकवली. काहींना प्रत्येक प्रयत्नानंतर सांगितलं, इतकं चुकलं. काहींना निम्म्याच वेळा सांगितलं, आणि तेही हळूहळू कमी करत नेलं. शिकताना दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. पुढे काहीच न सांगता परीक्षा घेतली तेव्हा कमी सांगितलेले पुढे निघाले. ज्याला दरवेळी बाहेरून निकाल मिळतो, तो आपल्या हाताला विचारायचं सोडून देतो, असा त्याचा अर्थ. लिफ्टरनं ही गोष्ट पोरांना जाळीखाली बसून सांगितली. दूरवरून कोचसाब ओरडले, "पाठ सरळ ठेवून बसा!"

दुसरी गोष्ट 1998 ची. जर्मनीत गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एका डुलत्या यंत्रावर उभं केलं. रुळांवर डावी-उजवीकडे सरकणारी फळी आणि वर माणूस, बर्फावरच्या घसरणीचा सराव करायचं ते यंत्र. एका गटाला सांगितलं, जोर देताना आपल्या पायाकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितलं, फळीखालच्या चाकांकडे लक्ष द्या. पाय आणि चाकं यांत अंतर ते किती! पण चाकांकडे लक्ष देणारे चांगले शिकले. गोल्फपासून पुढं कितीतरी खेळांत हेच पुन्हा दिसून आलं. सांधे, स्नायू, तोल यांचा कारभार शरीर आपापसांत बघून घेतं. आपण वरून डोकावून एकेकाला सूचना देऊ लागलो की त्याचा गोंधळ उडतो. नजर कामाच्या टोकाकडे हवी, म्हणजे बॉल जिथं पडायला हवा तिथं.

लंबूनं ही गोष्ट ऐकली आणि सांगितलं, की तो उडताना समोरच्या कोपऱ्यातल्या चुन्याकडे बघतो. मनगट कुठं असतं ते त्याला माहीत नाही.

कोचसाबही मागे राहणाऱ्यांतले नव्हेत. त्यांच्या मोबाईलवर सकाळच्या सुविचाराखाली एक दिवस दहा हजार तासांचा नियम आला. कोणतीही गोष्ट दहा हजार तास करा, तुम्ही उस्ताद व्हाल. त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि पोरांच्या तासांची वही सुरू केली. या नियमाची मूळ हकिगत अशी, की 1993 मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास छापला. त्यातल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत एकट्यानं केलेला रियाज सरासरीनं दहा हजार तासांच्या पुढे गेला होता. माल्कम ग्लॅडवेलच्या 2008 च्या पुस्तकानं त्या सरासरीचा नियम करून टाकला. एरिक्सन पुढे सांगत राहिले की तासांत जादू नाही. आपलं जे कच्चं आहे नेमकं तेच समोर घेऊन, पूर्ण लक्ष लावून बसण्यात आहे. पण हा भाग सुविचाराखाली मावला नव्हता. वहीत पोरांचे तास भरत गेले. एका पोरानं सहज हिशेब केला, तर त्या मैदानावर दहा हजार तास फक्त एकाच माणसाचे पूर्ण होत आले होते, आणि तो बसलेला होता.

कोचसाबांची दुसरी आवड म्हणजे एका जागेवरून सर्व्हिस. चुन्यानं जमिनीवर पायांचे ठसे काढायचे, त्यात पाय ठेवायचे आणि शंभर सर्व्हिस तशाच मारायच्या, एकीसारखी दुसरी. यालाही पुस्तकात उत्तर आहे. 1978 मध्ये केर आणि बूथ या दोघांनी लहान मुलांना छोट्या पिशव्या नेमावर टाकायला लावल्या. आठ वर्षांच्या काही मुलांनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून, तीन फूट मुद्दाम वगळून. परीक्षा घेतली तीन फुटांवरून, आणि ज्यांनी तिथून कधी टाकलंच नव्हतं ती मुलं जिंकली. बदलत्या अंतराशी झुंजताना त्यांच्या हाताला हिशेब समजला होता. बाकीच्यांना एकच उत्तर पाठ होतं.

देडतलाईच्या पोरांना हा लाभ आपोआप मिळतो, कारण मैदानच सरळ नाही. एक बाजू रस्त्याकडे उतरलेली, मधे बैलगाडीच्या चाकोरीची खूण, आणि संध्याकाळी ट्रक गेला की त्याच्याबरोबर वाऱ्याचा झोत. कोचसाबांनी काढलेले चुन्याचे ठसे पहिल्या दहा सर्व्हिसमध्येच पुसले जातात आणि पोरं जिथं जागा मिळेल तिथून मारू लागतात. मैदानाच्या या खोडीबद्दल ग्रामपंचायतीला अर्ज करायचा, असं कोचसाब दरवर्षी ठरवतात. पोरांचं नशीब, की अर्ज अजून लिहून झालेला नाही.

खेळ कुठलाही असो, कोचसाबांना वर्ज्य नाही. मध्य प्रदेश सरकारनं 2013 मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ जाहीर केलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी मल्लखांब शिकवायला घेतला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी हा खेळ कसा नावारूपाला आणला, हे त्यांनी तासभर सांगितलं. मल्लखांब मात्र नव्हता. व्हॉलीबॉलचा खांब होता, लोखंडी, एप्रिलच्या उन्हात तापलेला. पहिल्या पोरानं त्याला मिठी मारली आणि वर्ग तिथंच सुटला.

कुस्तीचा विषय निघाला की खाशाबा जाधव येतात. कोचसाबांच्या तोंडून खाशाबांची कथा ऐकणं हा खरा आनंद आहे, कारण तीत ते स्वतः कुठंच नसतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 मध्ये लंडनला गेला. मातीत वाढलेलं अंग तिथं प्रथमच मॅटवर उतरलं. मातीत पाय रुततो, मॅटवर तो वेगळाच वागतो, नियमही वेगळे. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तिथं त्यांना वाट दाखवली आणि खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी, 1952 मध्ये, हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या वर्गणीची, प्राचार्य खर्डीकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकल्याची गोष्ट सांगताना कोचसाबांचा आवाज जरा खाली येतो. तेवढ्यापुरती पोरंही खरोखर ऐकतात. मग कोचसाब भानावर येतात आणि विचारतात, "मंग सांगा, खाशाबाचं मनगट कसं होतं?"

आता दुकानाकडे जाऊ. कोचसाबांचं खरं व्यक्तिमत्त्व तिथंच आहे, आणि याचा पत्ता त्यांना स्वतःला नाही.

व्हॉलीबॉलमध्ये हवेचा दाब लागतो दर चौरस सेंटिमीटरला 0.30 ते 0.325 किलो. ट्रकच्या टायरसाठी बसवलेल्या कॉम्प्रेसरच्या काट्याला एवढा हलका दाब दिसतसुद्धा नाही. काटा जागचा हलत नाही. कोचसाब काट्याकडे बघतही नाहीत. बॉल मांडीवर घेतात, नळी लावतात, अंगठा दाबतात, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता नळी काढतात. लिफ्टरनं एकदा कॉलेजातून दाब मोजायचं छोटं यंत्र आणून तपासलं. अंगठा बरोबर होता.

पण खरी कला घणाची आहे. ट्रकच्या चाकाचा टायर रिमला गंजून चिकटलेला असतो. तो सोडवायला कडेच्या अरुंद पट्टीवर घणाचे घाव बसवत चाकाभोवती फिरावं लागतं. घाव इंचभर आत पडला तर टायर कापला जातो, बाहेर पडला तर रिमची कड वाकते. कोचसाब हे काम रस्त्याकडे बघत करतात. कधी बसून, कधी एका पायावर रेलून, कधी मान वळवून मैदानातल्या कुणाला तरी कोपर सरळ करायला सांगत. घण मात्र दरवेळी त्या पट्टीवरच उतरतो. त्यांना विचारलं, हा असा बरोबर कसा बसतो?

"बसते," कोचसाब म्हणाले.

"पण कसा?"

"आता कसा म्हंजे... बसते ना बाप्पा."

सर्व्हिस कशी मारावी याचे बावीस मुद्दे असलेला हाच माणूस.

याचंही उत्तर लिफ्टरच्या पुस्तकात निघालं. 1920 च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाईन नावाच्या शास्त्रज्ञानं कसलेल्या कामगारांच्या हाताला छोटे दिवे लावले आणि छिन्नीवर हातोडी मारताना त्यांची छायाचित्रं घेतली. अपेक्षा अशी होती, की उस्तादाचा हात दरवेळी त्याच वाटेनं जात असेल. निघालं उलटंच. खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोडं वेगळं वागत होतं. हातोडीचं टोक तेवढं पुन्हा पुन्हा त्याच जागी पडत होतं. एका सांध्याची कसर दुसरा सांधा परस्पर भरून काढत होता. म्हणजे उस्तादाच्या हातात ठरलेली एक हालचाल साठवलेली नसते. नेमका प्रश्न दरवेळी नव्यानं सोडवायची सवय असते. ती सवय मुद्द्यांत मांडता येत नाही, म्हणून 'बसते' हेच त्यावरचं प्रामाणिक उत्तर.

आणि ही कला त्यांनी शिकवली आहे. लंबू सकाळी त्यांच्याच दुकानात काम करतो. तिथं कोचसाब त्याला जवळजवळ काहीच सांगत नाहीत. सुरुवातीला तो नुसता पान्हे देत बसला. मग त्याच्या हातात ट्यूब आली. भोक शोधायला ट्यूब गालाजवळ धरायची, हवेचा बारीक झोत कातडीला कळतो, मग पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. हे त्यानं पाहून घेतलं. पहिलं ठिगळ त्यानं सोल्यूशन सुकायच्या आत दाबलं आणि ते सुटलं. कोचसाबांनी ट्यूब उचलली, त्याच्या पुढ्यात परत ठेवली आणि चहा प्यायला गेले. दुसरं ठिगळ बसलं. घण हातात आला तेव्हाही त्यांनी एकच केलं: खडूनं पट्टीवर रेघ ओढली आणि म्हणाले, "इथं." कोपर कुठं, मनगट कुठं, कमर कुठं, एक अक्षर नाही. पुढं काही चुकलं तर ते 'अंहं' म्हणत, तेही एखाद्या वेळी. वर्ष व्हायच्या आत लंबू एकटा चाक उतरवू लागला.

एकच माणूस, एकच पोरगा, वीस पावलांचं अंतर. सकाळी गुरू गप्प आणि विद्या पुढं सरकते. संध्याकाळी गुरू थांबत नाही आणि बॉल तुरीत जातो.

असं का व्हावं? दुकानात चूक झाली तर नुकसान कोचसाबांचं होतं, म्हणून तिथं त्यांना शिकवण्यात रस असतो. मैदानात त्यांचं काही जाणार नसतं, तिथं त्यांना सांगण्यात रस असतो. शिवाय दुकानात त्यांना काम येतं, आणि ज्याला काम येतं त्याला बोलून सिद्ध करायचं काही उरत नाही. आपल्याकडचे बरेच सल्ले मात्र त्या मैदानासारख्या जागेवरून निघतात. गाडी न चालवणारा माणूस बाजूच्या सीटवर बसून जितकं सांगतो, तितकं चालवणारा आयुष्यभरात सांगत नाही.

अखेर लिफ्टरनं धीर केला. दुकानात बसून त्यानं कोचसाबांना विनस्टीनपासून बर्नस्टाईनपर्यंत सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "कोचसाब, तुम्ही दुकानात जसं शिकवता ना, तसं तिकडं शिकवा. तुमच्यासारखं शिकवणारं कोनी नाही."

कोचसाब बराच वेळ घणाच्या दांड्याकडे बघत राहिले. आपण जगातल्या शास्त्रज्ञांच्या आधीच बरोबर होतो, हे कुणालाही आवडतंच. त्यांना ते पटलं. इतकं पटलं, की त्या संध्याकाळी त्यांनी पोरांना ओळीत बसवून मौनाचं महत्त्व या विषयावर पाऊण तास समजावलं. कोचनं कधी बोलू नये, केव्हा बोलू नये, कोणत्या सुरात बोलू नये. अंधार पडला आणि त्या दिवशी खेळ झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ते खरोखर गप्प बसले. पोरांना हे जड गेलं. शॉट मारावा, खुर्चीकडे पाहावं, तर खुर्चीत नुसता माणूस. दोघा-तिघांनी जवळ जाऊन चौकशी केली, "तब्येत बरी हाय ना कोचसाब?" पहिला गेम फार वाईट झाला. दुसऱ्यात कुणीतरी पहिल्यांदा बॉल कुठं पडला ते पाहिलं आणि पुढचा जरा अलीकडे मारला. तिसऱ्या गेमला तुरीत एकही बॉल गेला नाही. कोचसाबांनी हे सगळं पाहिलं, शिट्टी तोंडात धरून. त्यांचे गाल फुगलेले होते आणि कानांच्या पाळ्या लाल.

सांगायचं जे साचलं होतं, त्याला वाट हवी होती. ती महिनाभरानं मिळाली. धारणीकडची एक टीम मैत्रीचा सामना खेळायला आली. त्यांच्याबरोबर त्यांचा कोच होता, तरुण, उत्साही, रेषेला चिकटून ओरडणारा. "कोपर! गुडघा! खांदा!" कोचसाबांनी दोन मिनिटं ऐकलं. मग त्यांना राहवेना. ते उठले, मैदानाला वळसा घालून पलीकडे गेले आणि त्या कोचच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, असं करू नये. मी सांगतो तुमाले."

आणि त्यांनी सांगितलं. रुपयाचं नाणं, फळीखालची चाकं, मुलांच्या पिशव्या, मॉस्कोचे कामगार. कोच बिचारा वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? तो मान डोलवत राहिला आणि मधेच आपल्या पोरांना काही सांगू गेला, की कोचसाब त्याचा दंड धरून थांबवत, "हेच! हेच करू नये म्हनतो मी." दरवेळी सूचना घेऊन खेळायची सवय असलेली ती पोरं प्रत्येक शॉटनंतर रेषेकडे बघत होती, आणि रेषेवर त्यांना आपल्या कोचची पाठ दिसत होती. टाइम आऊट घ्यायचं राहून गेलं. खेळाडू बदलायचे राहून गेले. जाळीच्या अलीकडे सहा पोरं पूर्ण शांततेत, चुन्याचे कोपरे हेरत खेळत होती.

देडतलाईनं तिन्ही गेम जिंकले. धारणीच्या कोचनं निघताना कोचसाबांना वाकून नमस्कार केला. त्यांचा मोबाईल नंबर मात्र मागितला नाही.

कोचसाब दमून, घामानं भिजून परत आले. ते पोरांइतकेच थकले होते. "पाह्यलं ना," ते म्हणाले, "आपलं कोचिंग कसं कामी आलं?"

हे वाक्य पोरांनी प्रत्येक सामन्यानंतर ऐकलं होतं. या वेळी सहाही जणांनी अगदी मनापासून माना हलवल्या, आणि लंबूनं, ज्याला त्या क्षणी मराठी उत्तम कळत होती, विचारलं, "कोचसाब, पुढच्या मॅचलेही तुम्ही तिकडंच बसान का?"